मधला व्हरांडा कोणाचा?

(बॅचच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावर बसलेले आणि आग्रह करूनही व्यासपीठावर न आलेले माझे सर आणि बाई, आणि १९९८ च्या दहावीच्या बॅचमधल्या मित्रमैत्रिणींनो,

मला पंधरा मिनिटं दिली आहेत. आठवीच्या वक्तृत्व स्पर्धेत मी दुसऱ्याच मिनिटाला भाषण विसरून रडत खाली उतरले होते, हे इथल्या निम्म्या लोकांना आठवत असणार. म्हणून आज कागदावर लिहून आणलंय. वाचूनच दाखवते, चालवून घ्या.

विषय दिलाय 'स्वयंसेवी संस्था आणि आपण'. आपल्या व्हॉट्सॲप गटावर चार महिने एक प्रस्ताव फिरतोय : बॅचच्या नावाने एक ट्रस्ट काढायचा. नाव ठरलंय. लोगो झालाय आणि तो खरंच छान आहे. साडेचार लाख रुपये जमलेत. आज दुपारी त्यावर निर्णय घ्यायचा आहे. मी पुण्यात नोकरी सांभाळून काही वर्षं संस्थांबरोबर काम केलंय, म्हणून 'तू प्रोत्साहनपर दोन शब्द बोल' असा निरोप आला. शब्द दोनापेक्षा जास्त होतील, आणि प्रोत्साहनाचं काय होईल ते शेवटी बघू.

आधी शाळेतली एक गोष्ट. दहावी अ आणि दहावी ब यांच्यामध्ये जो व्हरांडा होता, तो आठवतो का? वर्गसफाईच्या पाळ्या दोन्ही वर्गांत लावलेल्या असायच्या. वर्ग लखलखीत. निरीक्षण असलं की फळ्यावर सुविचारसुद्धा रंगीत खडूने. पण मधल्या व्हरांड्यात शेंगांची टरफलं, गोळ्यांचे कागद, पेन्सिलींची टोकं. आम्ही म्हणायचो, तो ब चा. ब वाले म्हणायचे, तो अ चा. झाडायचे शेवटी शिपाईमामा, शाळा सुटल्यावर. कोणाचीच पाळी त्यांच्या नावावर लागलेली नव्हती, म्हणून रोजच त्यांची.

हा व्हरांडा मला पुन्हा भेटला २०१९ च्या ऑगस्टमध्ये.

त्या आठवड्याचं तुम्हाला मी काय सांगणार? तुमच्यातल्या कितीतरी जणांनी तो गळ्यापर्यंतच्या पाण्यात काढलाय. आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोक्याची पातळी, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ चा पूर पाहिलेली माणसं 'तेवढंच येईल' म्हणून घरात थांबली आणि अडकली. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला बोट उलटली. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, पुण्याहून निघायची सोय नाही. मी हिंजवडीत एसीत बसून आईला फोन लावत होते आणि तो लागत नव्हता.

मग मला जे येतं ते मी केलं. एक ऑनलाइन तक्ता उघडला. गाव, कुटुंबं किती, काय पाहिजे, कोण देणार, पोचलं का, असे रकाने. आमच्या कंपनीतल्या सहा जणांना कामाला लावलं. माझी समजूत अशी की सगळ्या संस्थांची माहिती एका जागी आली की प्रश्न सुटेल. कॉम्प्युटरवाल्यांना बहुतेक प्रश्न असेच दिसतात.

तीन दिवस त्या तक्त्यात कोणी काही भरेना. मी चिडले. 'यांना साधी शीट भरता येत नाही?' असं घरी म्हणालेसुद्धा. नंतर एकेकाशी बोलल्यावर कळलं की न भरण्याची कारणं अगदी शहाणपणाची होती. एका कार्यकर्त्याने सरळ सांगितलं, 'मॅडम, मी गावांची नावं लिहिली की उद्या दुसरे तिथं जाऊन बॅनर लावणार, फोटो काढणार. मी दहा वर्षं त्या गावात जातोय. माझ्या देणगीदाराला मी काय दाखवू?' दुसऱ्या एकाला भीती होती की 'माल शिल्लक आहे' असं लिहिलं तर उद्यापासून माल येणं बंद होईल. तिसऱ्या संस्थेत तक्ता भरायची परवानगी फक्त अध्यक्षांना होती आणि अध्यक्ष ट्रकबरोबर फिरत होते. म्हणजे माहिती सगळ्यांकडे होती. ती एकमेकांना द्यायची भीती होती.

दरम्यान मदतीचा दुसरा पूर आला. मुंबई, पुणे, सोलापूर, कुठून कुठून गाड्या आल्या. लोकांचं मन किती मोठं असतं ते तेव्हा दिसलं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण गाडी थांबायची ती हमरस्त्यावरच्या पहिल्या गावात. तिथे बिस्किटांचे पुडे घराघरात रचलेले, आणि रस्त्याकडेला जुन्या कपड्यांचे ढीग, पावसात भिजून कुजलेले. पाणी ओसरल्यावर लोकांना हवे होते खराटे, फावडी, ब्लीचिंग पावडर, गादी, जनावरांना वैरण, पोरांना वह्या, आणि भिजून लगदा झालेल्या रेशनकार्डाचं काय करायचं ते सांगणारं कोणीतरी. ते कोणाच्याच यादीत नव्हतं, कारण यादी देणाऱ्याने केलेली होती.

आता माझी चूक सांगते. तक्ता हळूहळू भरू लागला तेव्हा एकेका गावाची नावं दोन-तीन प्रकारे लिहिली जाऊ लागली. कोणी मराठीत, कोणी इंग्रजी अक्षरांत, कोणी गावाच्या नावापुढे 'वाडी' लावून, कोणी न लावता. मी हुशारी केली. सारखी दिसणारी नावं एकत्र करणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि रात्री चालवला. सकाळी तक्ता कसा स्वच्छ! त्यात नदीकडेच्या मळीतली एक वस्ती तिच्या मूळ गावात विलीन झाली. गावापुढे 'पोचलं' अशी खूण होती, म्हणून वस्तीलाही लागली. गाव उंचावर, वस्ती खाली, मध्ये अडीच किलोमीटर चिखल. पुढचे पाच दिवस तिथे कोणी गेलं नाही, कारण माझ्या तक्त्याप्रमाणे तिथलं काम झालेलं होतं. मी स्वतः सहाव्या दिवशी पोचले. एक म्हातारी ओट्यावर बसून भिजलेली ज्वारी वाळत घालत होती, कोंब फुटलेली. ती भांडली नाही. म्हणाली, 'बाई, यादीत आमची वस्ती न्हाई का?'

होती. मीच पुसली होती.

त्यानंतर काम खरं चाललं ते तक्त्यामुळे नाही, एका ताईंमुळे. त्यांचं नाव घेतलेलं त्यांना आवडणार नाही. महिला बचत गटांच्या एका संघाचं काम बघतात, शिक्षण सातवी. त्यांनी रोज रात्री साडेनऊला फोन लावायला सुरुवात केली. नऊ गट होते : दोन गणेश मंडळं, एक तालीम, मिरजेतले काही डॉक्टर, मशिदीच्या जमातीतली पोरं, आमचा पुण्याचा गट, असे. ज्यांनी एरवी एकमेकांच्या मांडवाकडे बघितलं नसतं असे. ताई प्रत्येक गावातल्या आपल्या बाईला दिवसभरात तीन प्रश्न विचारून ठेवायच्या. कोण आलं? काय दिलं? आणि कोणाला मिळालं नाही? हा तिसरा प्रश्न माझ्या तक्त्यात नव्हता. मी 'पोचलं का' असा रकाना केला होता. त्याचं उत्तर 'हो' आलं की आपण पुढच्या ओळीवर जातो. 'कोणाला मिळालं नाही' विचारलं की गल्लीचं नाव येतं, विधवेचं नाव येतं, भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाचं नाव येतं.

बॅनरचा तंटा त्यांनी पहिल्याच रात्री मिटवला. ज्याचं गाव त्याचा फोटो, बाकीच्यांनी माल त्याच्या हातात द्यायचा. झालं. आणि आणखी एक पद्धत पडली, ती मला सगळ्यात मोलाची वाटते. फोनवर 'उद्या आम्हाला जमणार नाही' असं म्हणायला लाज वाटायची नाही. आपल्याकडे संस्था 'हो' म्हणतात आणि जात नाहीत. 'नाही' वेळेवर कळलं तर दुसरा जातो. माझ्या नोकरीतही हेच आहे. जो प्रोग्रॅम 'जमलं नाही' असं स्पष्ट सांगतो तो दुरुस्त करता येतो. गप्प बसून 'झालं' सांगणारा रात्री दोन वाजता उठवतो.

मोठ्या कामांतही मला हेच दिसतं. डॉक्टरी पेशातल्यांना 'कोवळी पानगळ' हा २००१ चा अहवाल माहीत असेल. महाराष्ट्रात लहान मुलं नक्की किती मरतात याचे सरकारी आकडे डॉ. अभय बंग यांना पटत नव्हते. एकट्या गडचिरोलीच्या 'सर्च'ने मोजलं असतं तर 'ते गडचिरोलीचं झालं' म्हणून फाइल बंद झाली असती. म्हणून राज्याच्या वेगवेगळ्या भागांतल्या १३ संस्था एकत्र आल्या आणि प्रत्येकीने आपापल्या गावांत जन्म आणि मृत्यू मोजले. सगळ्यांनी एकाच रीतीने. अर्भक कोणाला म्हणायचं, जन्मतःच मेलेलं मूल कसं लिहायचं, हे आधी ठरवून. सरकारी नोंदीपेक्षा कितीतरी जास्त मृत्यू निघाले, आणि पुढे सरकारला त्यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. या १३ संस्था काही एका विचाराच्या नव्हत्या. कोणी कोणात विलीन झालं नाही, नवी महासंस्था काढली नाही. मोजण्याची एक रीत तेवढी समान ठेवली. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ज्यांनी दोन विभागांचा डेटा जुळवायचा प्रयत्न केलाय त्यांना यात किती भांडणं झाली असतील याची कल्पना येईल.

पानी फाउंडेशनच्या वॉटर कपचंही तसंच. २०१६ ला तीन तालुक्यांत सुरू झालेली स्पर्धा २०१८ पर्यंत ७५ तालुक्यांत गेली. प्रशिक्षण एकाचं, श्रमदान गावाचं, आणि श्रमदान करणाऱ्या गावांना यंत्रं भारतीय जैन संघटनेची. जलसंधारणाच्या टिकाऊपणावर तज्ज्ञांचे आक्षेप आहेत आणि ते मला बरेचसे पटतात. पण कोणी काय करायचं नाही, हे तिथे ठरलेलं होतं, एवढं मात्र शिकण्यासारखं.

बाहेरच्यांशी जुळवून घेणं एक वेळ सोपं. घरातलं अवघड. पुण्यात एका छोट्या संस्थेची मी चार वर्षं खजिनदार होते. नाव सांगत नाही, चांगली माणसं होती. भांडण पैशावरून झालं नाही. रविवारी येणारे आमच्यासारखे स्वयंसेवक आणि सोमवार ते शनिवार मानधनावर राबणारे कार्यकर्ते यांच्यात झालं. आम्ही रविवारी नव्या कल्पना घेऊन जायचो, अहवालाचा नवा नमुना, नवं ॲप. तो नमुना भरायचं काम सोमवारी त्या मुलींवर. एकीने मीटिंगमध्ये विचारलं, 'ताई, हे भरू की वस्तीत जाऊ?' आम्हाला तो उद्धटपणा वाटला. पुढे दोन गट पडले, विश्वस्तांचा वाद झाला, खात्यावर सह्या कोणाच्या हे ठरेना म्हणून बँकेने व्यवहार थांबवले, आणि त्या मुलींचं तीन महिन्यांचं मानधन अडकलं. मी काय केलं? एका रात्री व्हॉट्सॲप गट सोडला. समजूत घालायला थांबले नाही, हिशेबाच्या वह्यासुद्धा कुरियरने पाठवल्या. त्या मुलीचा प्रश्न बरोबर होता हे तिला सांगायला मला दोन वर्षं लागली.

आता ट्रस्टचं. सात माणसं मिळाली की १८६० च्या कायद्याखाली सोसायटी होते, १९५० च्या कायद्याखाली सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंद होते. जन्म सोपा आहे. नंतर दरवर्षी ऑडिट. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट. करसवलतीसाठीची नोंदणी, आणि तिचं ठरावीक काळाने नूतनीकरण. 'माझी कंपनी सीएसआर देईल' असं तिघांनी गटावर लिहिलंय. बाहेरच्या संस्थेला तो निधी द्यायचा तर तिच्याकडे किमान तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. आपल्या अमेरिकेतल्या आणि दुबईतल्या मित्रांना वाटतं की डॉलर-दिरहम पाठवू. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांचा पैसा एफसीआरएखाली येतो, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा एका संस्थेने दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. त्या दुरुस्तीने मोठ्या संस्थांनी गावातल्या छोट्या संस्थांना हाताशी धरण्याचा एक रस्ताच बंद झाला. माझं मत विचाराल तर तो निर्णय चुकीचा होता.

हे सगळं आपण पेलू, नाही असं नाही. आपल्यात दोन सीए आहेत, एक वकील आहे. पण कशासाठी? ट्रस्टचा उद्देश काय, या प्रश्नावर गटावर आतापर्यंत अकरा उत्तरं आली आहेत. वृक्षारोपणापासून वृद्धाश्रमापर्यंत. लोगोवर एकमत झालं.

आणि आपल्या शाळेचा माजी विद्यार्थी संघ आधीपासून आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांना तो आहे हेही ठाऊक नाही. आपल्याला गणित शिकवणारे सर निवृत्तीनंतर तो चालवतात. ते समोर बसलेत आणि मला बोलू नको म्हणून खुणावताहेत. दरवर्षी काही मुलींची फी भरली जाते. समितीतले बहुतेक सत्तरीच्या पुढचे. ऑनलाइन अर्ज करता येत नाही म्हणून त्यांचे दोन चेंज रिपोर्ट पडून आहेत. संस्था आहे, उद्देश आहे, हात नाहीत. आपण त्यांच्याकडे का गेलो नाही? मीच विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, 'तिथे ते सीनियर आपल्याला बोलू देत नाहीत.' सर, हे खरं असेल तर त्याचंही बघावं लागेल. साडेचार लाख घेऊन येणाऱ्यांना नुसतं सतरंजीवर बसवून चालणार नाही.

दुसरं काम माझ्या जिवाला लागलेलं आहे. २०२१ च्या जुलैत कृष्णेला पुन्हा पूर आला. मी ती २०१९ ची यादी उघडली. दोन वर्षांत ती कोणी उघडलीच नव्हती, मीसुद्धा नाही. पूर ओसरला तसे आम्ही नऊ गट पांगलो होतो, मग कोविड. फोन लावायला घेतले तर निम्मे नंबर बदललेले. दोन नंबर उचलले गेले ते गेलेल्या माणसांच्या घरच्यांनी. त्या मळीतल्या वस्तीचा नंबर मात्र लागला, कारण ताई अधूनमधून तिथे बोलत होत्या. वस्ती आदल्या रात्रीच वर आली होती, जनावरांसकट.

म्हणून माझा प्रस्ताव ट्रस्टचा नाही. साडेचार लाख माजी विद्यार्थी संघाकडे द्यावेत, आपल्या बॅचचे दोघे त्यांच्या समितीवर जावेत, आणि सरांचे कागद मार्चपर्यंत पूर्ण करून द्यावेत. ते काम मी आणि आपल्या दोन सीएंपैकी एक करू. मी त्याला विचारलेलं नाही, आत्ताच सांगतेय.

आणि दर मे महिन्यात, पावसाच्या आधी, ताईंच्या यादीतल्या नदीकाठच्या वस्त्यांना आपण फोन लावायचे. नंबर चालू आहे का, माणूस तोच आहे का, किती कुटुंबं, अंथरुणावर कोण आहे, जनावरं किती, नवीन कोण राहायला आलं. एकेकाला पाच वस्त्या आल्या तर एका संध्याकाळचं काम आहे. यात फोटो काढण्यासारखं काही नाही आणि बॅचचं नाव कुठेही लागणार नाही. यादी ताईंच्या संघाकडेच राहील. मी त्यांना विचारलंय. त्या म्हणाल्या, 'करा, पण दोन वर्षं करून सोडणार असाल तर नका करू. मग मला कळत नाही कोणती वस्ती तुमच्यावर सोडली आणि कोणती माझ्यावर.'

लोगोवाल्या मित्रा, रागावू नकोस. संघाचा लोगो १९७० च्या दशकातला आहे आणि त्यातली मशाल मक्याच्या कणसासारखी दिसते. तो नवा करायला सर तयार आहेत.

वस्त्यांच्या यादीची छापील प्रत आणि एक वही मी दहावी ब च्या वर्गात, खिडकीकडच्या दुसऱ्या बाकावर ठेवली आहे. ज्यांना पाच वस्त्या घ्यायच्या आहेत त्यांनी नाव लिहावं. ज्यांना जमणार नाही त्यांनी 'जमणार नाही' असं लिहिलं तरी चालेल. जेवणाच्या आधी या. नंतर आमरस आहे, मग कोणी जागचं हलणार नाही.